वहिनीचं कपाट

आमच्या सुनेत्रावहिनीच्या हसण्यावरून माणसं घर ओळखायची. स्टँडवर रिक्षात बसून 'आठल्यांकडे' म्हटलं की रिक्षावाला विचारायचा, "त्या हसणाऱ्या काकूंकडे ना?" भजनी मंडळात पेटीवाली चुकली की वहिनीला हसू फुटायचं आणि मग सगळ्या अभंगाचा बट्ट्याबोळ. कार्यात तिला मागे बसवत, भटजींचे मंत्र चुकायला नकोत म्हणून.

ती हसायची थांबली तेव्हा लोकांनी आपापले शोध लावले. कोणी म्हणालं, मुलगा सलिल पुण्याला गेला म्हणून. कोणी म्हणालं, शिष्ट झाली. शिष्ट म्हणे! आळीतल्या बायकांना दुसरा उद्योग काय?

खरं कारण मला कळलं ते दांडीवरून. मी तिची नणंद, घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते, आणि पडवीतली वाळत घालायची दांडी आमची दोघींची एक. आता आमच्याकडे बायकांचे आतले कपडे कधी उघड्यावर दिसायचे नाहीत. खाली परकर आणि वरून पंचा, अशीच आमच्या आईने शिस्त लावलेली. ह्या खाऱ्या हवेत ते धड वाळत नाहीत, कुबट वास मारतात, पण लाज राहते. तर एक दिवस दांडीवर पाहते तो पंचेच पंचे. खाली हात घातला तर सगळे परकर.

"वहिनी, एवढे परकर कोणाचे गो? मंडळाचे धुवायला घेतलेस की काय?"

ती मटकन पायरीवर बसली. "वन्सं, शिंक आली की होतं. खोकला आला की होतं. हसले की तर विचारूच नका. ताबाच राहत नाही हो."

मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. तर म्हणे काय सांगू त्याला, माझ्या सलिलच्या वयाचा आहे तो. आणि माझा हात धरून म्हणाली, "ह्यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुम्हाला. ह्यांना कळलं तर त्यांच्या ताटासमोर उभी राहायची नाही मी." मला राग आला. आजार तो आजार, त्यात कसली मेली लाज? पण शपथ घातली होती, गप्प बसले.

मग तिने एस्टी सोडली, कारण एस्टी मधे थांबत नाही. लग्नंमुंजी सोडल्या, मंडळ सोडलं. देवळात गेली तरी दारापाशी बसायची आणि आरतीआधी उठून यायची. चांगली चालतीबोलती बाई, घर आणि आवार एवढ्यावर आली.

आणि अशात आमच्या हरिहरदादाने गाडी आणली.

दादा सरकारी वर्कशॉपात पोरांना फिटरचं काम शिकवायचा. निवृत्त झाला तरी मोजपट्टी खिशातून निघाली नाही. जुनी सात सीटची व्हॅन घेतली आणि म्हणाला, आता हीच आपली फिरती खोली. सीट उपटल्या, फळ्या ठोकल्या, बाकाखाली अंथरुणं, वर गॅसची शेगडी. टपाला आतून मच्छीमाराकडचं जुनं जाळं ताणलं, त्यात शर्टांच्या गुंडाळ्या. मोज्यांना पाइपाचे तुकडे. टॉवेल दाराच्या आतल्या बाजूला, रबरी पट्ट्यांत. दिसेल त्याला हात धरून आणायचा आणि एकेक फळी उघडून दाखवायचा. पोस्टमनसुद्धा सुटला नाही बिचारा.

सलिलने फोनवर सांगितलं होतं, बाबा, मागच्या कोपऱ्यात छोटा कमोड बसवा, पडदा लावा, तसे तयार मिळतात. ते ऐकलं आणि वहिनी आपल्या पायांनी अंगणात आली, गाडीत चढली, त्या कोपऱ्यात उभी राहिली. पडदा कुठपर्यंत येईल ते हाताने बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी काहीतरी हललेलं पाहिलं.

दोनच दिवसांत दादाचं डोकं फिरलं. "गाडीत संडास? पुढे डॅशबोर्डावर गणपती, मधे स्वयंपाक, आणि मागे ते? आपल्याला काही सोवळं-ओवळं आहे की नाही? आपल्या घरात तो आवाराच्या टोकाला आहे तो उगाच? रस्त्याला हॉटेलं काय कमी आहेत?" आणि मोजपट्टी ताणून म्हणाला, "ह्या जागेत सुनेत्राला कपाट करतो. बायकांचे कपडे जाळ्यात बरे दिसत नाहीत."

मी वहिनीकडे बघितलं. एक शब्द, एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. मी तोंड उघडलं तर तिने पदराआडून माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. म्हणाली, "बरं."

कपाट मात्र सुरेख झालं हो. खाली-वर दोन कप्पे, सागवानी दार, पितळी कडी. भरताना दादा म्हणाला, "अगो, दोन दिवसांना एवढे परकर? गणपतीपुळ्याला दुकान लावायचंय की काय?" वहिनीने परकरांची थप्पी आणखी आत सरकवली. मीच ओरडले, "तू तुझ्या गुंडाळ्या बघ!"

निघालो तिघं. आरे-वारेच्या वळणांवर दादा खुशीत गाडी चालवतोय, समुद्र दाखवतोय. वहिनी डोळे मिटून, दातांवर दात दाबून बसलेली. तेवढ्यात तिला ठसका लागला. मी म्हटलं, दादा थांबव. म्हणतो कसा, "चढावर कोण थांबतं? आलंच आता पुळं." पोचल्यावर मी त्याला चहाच्या नावाखाली पिटाळला, गाडीत चादर धरली आणि वहिनीने कपडे बदलले. ओला परकर आणि साडी वाळत कुठे घालणार? बाहेर सुरूची झाडं होती, दोरी होती, ऊन रणरणत होतं. पण माणसंही होती. तिने बोचकं केलं आणि कपाटात, खालच्या कप्प्यात कोंबलं. कडी लावून हाताने दोनदा ओढून पाहिली.

दर्शन झालं, जेवणं झाली. आणि दादाला भेटला त्याचा जुना विद्यार्थी महिपत, चिपळूणला गॅरेज असलेला, बायको आणि चार मित्रमंडळी घेऊन आलेला. "सर! गाडी तुम्ही केलीत? दाखवा, दाखवा, व्हिडिओ काढतो." मग काय विचारता! बाक उघडलं, जाळं दाखवलं, मोजे दाखवले. मी म्हटलं, दादा, पुरे, उन्हं उतरली. ऐकतोय कोण?

"आणि हे आमचं खास काम. सुनेत्राचं कपाट!" दादाने कडी काढली.

दुपारभर उन्हात तापलेली ती गाडी. दार उघडल्याबरोबर बोचकं घसरून बाहेर पडलं आणि वास सगळ्यांच्या नाकात गेला. महिपतच्या बायकोने ओढणी नाकाला लावली. दादाने तो परकर उचलला. उचलला! दोन हातांनी धरला, सगळ्यांसमोर. "हे ओलं कोणी कोंबलं इथे? प्लायवूड फुगेल ना!"

"माझी पाण्याची बाटली सांडली," मी म्हटलं.

"पाणी नाही हे, वैदेही." वास घेऊन सांगतो, शहाणा! तीस वर्षं पोरांना खोट काढायला शिकवली ना. "पाण्याला असा वास—"

आणि मग त्याला कळलं. त्याच्या तोंडावर ते कळताना मी पाहिलं. पण परकर खाली ठेवायचं काही त्याला सुचेना.

वहिनी पुढे आली. मेल्याहून मेल्यासारखी झाली होती, कानाच्या पाळ्यासुद्धा लाल. तिने त्याच्या हातातून परकर घेतला, घडी घातली, छातीशी धरला. "माझं आहे ते," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "अहो, मला कपाट नको होतं. मला मोरी हवी होती."

मी महिपतला म्हटलं, "तो फोन खाली घे आधी, मेल्या." त्याने माझ्यासमोर व्हिडिओ पुसला. भला मुलगा, मान वर केली नाही त्याने.

मुक्काम रद्द. घरी येईपर्यंत वहिनीच्या मांडीवर ते बोचकं आणि दादाची नजर रस्त्यावर. ह्या वेळी चढावर त्याने आपणहून गाडी थांबवली, खाली उतरला आणि समुद्राकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. पण वहिनी काही उतरली नाही.

त्यानंतर ती त्याला वाढायची आणि आत निघून जायची. म्हटल्याप्रमाणे ताटासमोर उभी राहिली नाही. आणि दादा, एरवी मिठावरून घर डोक्यावर घेणारा, मुकाट खायचा. मला एकदा विचारलं त्याने, "वैदू, किती दिवस आहे हे?" मी म्हटलं, "तिला विचार." तो म्हणाला, "कोणत्या तोंडाने विचारू?"

एका सकाळी अंगणात करवत ऐकू आली. सागवानी दाराचं ते कपाट बाहेर पडलं होतं. दुपारी दादा माजघराच्या दाराशी येऊन उभा, हातात मोजपट्टी, नजर जमिनीवर. "सुनेत्रा, जरा येतेस? उंची... म्हणजे बसून बघावं लागेल तुला."

अगो बाई! वहिनीने पदरात तोंड लपवलं. मलाच हात धरून तिला गाडीपर्यंत न्यावं लागलं. दादा गाडीकडे पाठ करून उभा राहिला आणि आतून मी सांगत गेले: "दोन बोटं खाली घे. पडदा जाड लाव. नाही, पडदा नको, दारच लाव. आतून कडी." डॅशबोर्डावरच्या गणपतीचं त्याने काय केलं म्हणता? काही नाही. आहे तिथेच आहे. सोवळ्याचं नाव कोणी काढलं नाही.

कपडे आता सगळ्यांचे जाळ्यात, शर्ट, साड्या, परकर, सगळं एकत्र. वहिनी तिच्या गुंडाळ्यांवर अजून पंचा पसरते. दादा म्हणतो वारा लागू दे, बुरशी येईल. ते मात्र ती ऐकत नाही. डॉक्टरकडे गेली, बाई डॉक्टर शोधली मी. दादा बाहेर बाकावर बसून होता.

परवा गाडीचं काम निघालं म्हणून चिपळूणला महिपतच्या गॅरेजात गेलो. वहिनी यायला तयारच नव्हती. तीच माणसं, तीच महिपतची बायको! शेवटी आली, पण गाडीमागे माझ्याआड उभी राहिली, मान खाली. गॅरेजातली पोरं जमली. सर, गाडी दाखवा. दादाने बाक उघडलं, जाळं दाखवलं. एकाचा हात आतल्या, मागच्या कोपऱ्यातल्या दाराकडे गेला.

"सर, ह्यात काय?"

महिपत एकदम पान्हे शोधायला लागला. वहिनीने माझं मनगट पकडलं. आणि उभ्या जन्मात एक फळी झाकून न ठेवणारा माझा भाऊ त्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"मोरी आहे ती. मला लागते," तो म्हणाला, चांगला मोठ्याने. "वय झालं रे. शिंकलो तरी होतं."

मग दादाने, लबाडाने, एक खोटी शिंक काढली. अशी काही काढली की महिपतच्या हातातला पान्हा पडला.

माझ्यामागे आवाज आला. आधी मला वाटलं वहिनी रडतेय. पण ती पदर तोंडात कोंबून हसत होती, ते तिचं जुनं, अंग गदगदवणारं हसू, आवरता आवरेना. "अगं बाई, वन्सं, अगं बाई!" म्हणत ती वळसा घालून धावली, पोरांमधून, महिपतच्या बायकोसमोरून, गाडीत चढली आणि दादाला बाजूला ढकलून आत शिरली. आतून कडी लागली.

"बघता काय?" दादा पोरांवर खेकसला. "इकडे या, शेगडी बघा."