कोलाडचं क्लोजिंग

नौशीनने महिनाभर खपून तयार केलेली फाइल आमच्या जीएम साहेबांनी तिच्याच टेबलावरून उचलली आणि ते गाडीकडे निघाले. मी विचारलं, नौशीन येणार ना बरोबर?

"कोलाडला? छे हो. लेडीजना तिथं ऑकवर्ड होतं," साहेब म्हणाले आणि गेले.

माझं डोकं फिरलं. ऑकवर्ड कोणाला होतं ते आम्हाला विचारलंय का कधी यांनी?

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लीगल डिपार्टमेंटला सीनियर मॅनेजर आहे. राहते पेणला, रामवाडीत. रोज कंपनीच्या बसने जा-ये. क्लोजिंग म्हणजे काय ते आधी सांगते. कोणताही मोठा करार असला की त्याचा मसुदा आधी मेलवर इकडून तिकडे फिरतो. कलमाकलमावर भांडण होतं. मग शेवटी दोन्हीकडचे वकील समोरासमोर बसतात आणि उरलेले मुद्दे मिटवून करार पक्का करतात. ते क्लोजिंग. आधीची सगळी मरमर कोणीही करो, नाव होतं क्लोजिंग करणाऱ्याचं.

आणि आमच्याकडे क्लोजिंग कोलाडच्या एका हॉटेलात करायची पद्धत. दुपारी मासे, संध्याकाळी बाटल्या. म्हणून बायकांना न्यायचं नाही. तसा नियम कुठेच नव्हता, फक्त गाडीत आमच्यापुरती जागा कधी नसायची. आणि अप्रेझल आलं की हेच साहेब आमच्या नावापुढे शेरा मारणार, 'क्लोजिंगचा अनुभव नाही'. त्या एका शेऱ्यावर मी वर्षानुवर्षं याच खुर्चीत बसून आहे. आता डेप्युटी मॅनेजरची एक जागा निघाली होती. नौशीन तिच्यासाठी अगदी लायक होती, पण एचआरने अट घातली होती की उमेदवाराने एक तरी क्लोजिंग केलेलं पाहिजे. म्हणजे तिचंही माझ्यासारखंच होणार होतं.

नौशीन रोह्याचीच. वडील कुवेतला, आई आणि ही इथं. पोरगी बोलायला मऊ, पण कलमावर बसली की हलायची नाही. मुंबईच्या एका कंपनीला आम्ही माल पुरवणार होतो. तो वाटेत सांडला तर नुकसान कोणी भरायचं, यावर घोडं अडलं होतं. समोरच्या वकिलाशी सगळे कॉल हिनेच केले. साहेब एकाही कॉलला आले नाहीत. त्यामुळे एक गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. समोरची वकील बाई होती. मेलखाली नुसतं 'ए. सबनीस' असायचं आणि साहेब आपले 'सबनीस सर येणार, सुरमई चांगली बघून ठेवा' असं हॉटेलवाल्याला फोनवर सांगत होते.

"सांगायचं का गो त्यांना?" मी आदल्या दिवशी तिच्या टेबलाशी जाऊन हळूच विचारलं होतं.

"त्यांनी विचारलंच नाय मॅडम," नौशीन म्हणाली. मग आम्ही दोघीही गप्प बसलो.

साहेब निघून गेले आणि थोड्या वेळाने नौशीनचा फोन वाजला. सबनीस मॅडम वडखळला पोचल्या होत्या. कोलाडला कुठल्या खोलीत बसायचं, तू पोचलीस का, असं विचारत होत्या. नौशीनने फोन स्पीकरवर टाकला आणि आपण येत नसल्याचं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. तिला धड सांगताही येईना. डोळे भरून आले होते तिचे. मग मीच सांगितलं, कोलाडला बायकांना नेत नाहीत म्हणून.

"मग मी कोण आहे?" सबनीस मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी मसुदा वाचलेला नाही त्यांच्याशी मी काय ठरवणार? उद्या तुमच्याच ऑफिसातून 'हे आम्हाला मान्य नाही' म्हणून परत येईल. मी रोह्याला येते. चहा टाका."

आल्या की हो! नागोठण्यावरून सरळ रोह्याला. गेटवर पास करून मी त्यांना आत घेतलं, कॉन्फरन्स रूम उघडली. मग त्यांनीच साहेबांना फोन लावला. मी सबनीस, तुमच्या ऑफिसात बसले आहे, तुम्ही या, तोवर आम्ही सुरू करतो. साहेबांचं उत्तर ऐकू आलं नाही, पण मॅडमना आपण बाई असल्याचं दोनदा सांगावं लागलं.

आपल्यासारखीच बाई म्हणून त्यांनी नौशीनला सोडलं असं मात्र नाही. चांगलं घासून घेतलं तिला. नौशीननेही एक इंच सोडलं नाही. शेवटी ठरलं, ज्याची गाडी त्याची जबाबदारी, आणि माल न्यायला गाडी त्यांच्या कंपनीची येणार होती. हेच आम्हाला हवं होतं. साहेब घामाघूम होऊन पोचले तेव्हा शेवटचं पान प्रिंट होत होतं. त्यांनी चहा घेतला आणि फॅन वाढवायला सांगितलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते. अप्रेझलच्या मीटिंगला एमडींसमोर साहेब काय म्हणाले माहीत आहे? म्हणे नौशीन हुशार आहे, पण क्लोजिंगचा अनुभव नाही. ते ऑफिसातलं काही खरं क्लोजिंग नव्हतं. अरे, लाज कशी वाटत नाही?

मी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मग तो करार क्लोज केला कोणी, साहेब? तुम्ही तर कोलाडला होतात."

एमडींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. नौशीनला जागा मिळाली.

तिने पेढे वाटले सगळ्यांना. साहेबांनीही खाल्ला. माझा राग मात्र गेलेला नाही. एका पोरीने स्वतः केलेलं काम तिच्या नावावर लागावं म्हणून तीन बायकांना एवढा उपद्व्याप करावा लागतो, आणि वर लोक म्हणतात, लीगलमध्ये लेडीजना आता सगळं सोपं झालंय. नव्या मुली आल्या की मी त्यांना कायद्याचं काही सांगत नाही, ते त्यांना येतंच. मी सांगते, मीटिंग कुठे ठेवलीय ते आधी विचारा, आणि गाडीत जाऊन बसा.