दामिनी मॅडमची नदी

दामिनी बोबडे शिकवायला उभी राहिली, की तिची नजर खिडकीबाहेर कुठेतरी दूर लागायची आणि पोरंही तिच्यामागोमाग तिकडे जायची. निदान हिवरखेडजवळच्या शाळेतल्या पहिल्या वर्षी तरी तसं होतं.

पुढे एकाच खोलीत दोन वर्ग बसू लागले. इकडे ती चौथीला नदी सांगायची, तिकडे तिसरीचे पाढे टिनाच्या छताला धडकायचे. नदी डोंगर उतरते न उतरते, तोच मुख्याध्यापक पंजाबराव सर दारात यायचे.

"मॅडम, थे माहिती आत्ताच भरून द्या. वरून फोनावर फोन येऊन राहिले."

माणूस वाईट नव्हता, त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला. पण मोबाइलवर आकडे भरून दामिनीनं मान वर केली, की पोरं पांगलेली असत. असं होता होता तिचा आवाज कोरडा पडला. ती नुसती पुस्तक वाचून दाखवू लागली. आपल्याला शिकवताच येत नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

मग बदली होऊन ती अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात आली. तिथल्या मुख्याध्यापिका कौशल्याबाईंनी पहिल्याच दिवशी चहा पुढे केला आणि विचारलं, "तुमाले काय शिकवाले आवडते?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "नद्या," ती चाचरत म्हणाली.

"मंग शिकवा ना! माहितीबिहिती मी पायते. मधल्या सुट्टीपरेंत तुमच्या वर्गात कोणी पाय ठेवणार नाई."

आणि खरंच कुणी आलं नाही. पहिले काही दिवस दामिनी सवयीनं दाराकडेच बघत राहिली. मग एका सकाळी तिनं पोरांना डोळे मिटायला सांगितलं. बाहेर पानमळ्यांवर ऊन निवांत पसरलं होतं. तिचा आवाज हळूहळू ओला होत गेला. शहानूर सातपुड्यातून उतरली, पूर्णेला मिळाली, पूर्णा तापीत शिरली आणि सगळी मिळून समुद्राकडे निघाली. खोली जणू जागची सुटून पाण्यावर चालली होती.

"मॅडम, पाणी खारं लागून राहिलं!" डोळे मिटलेली चंदा म्हणाली. कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच तसं लागत होतं.

दाराबाहेरून जाणाऱ्या कौशल्याबाई क्षणभर थबकल्या आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता पुढे गेल्या.

त्या संध्याकाळी अंजनगावला घरी परतताना, एसटीत बसल्याबसल्या दामिनी उद्याच्या धड्यातला डोंगर रचत होती. कंडक्टरनं अंजनगाव पुकारलं, ते तिला ऐकूच आलं नाही. पुढच्या फाट्यावर उतरून ती एकटीच हसली आणि कापसाच्या शेतांमधून, मनातल्या पोरांशी बोलत, सावकाश मागे चालू लागली.