मापाची काठी

आमचं लग्न उंचीमुळे जमलं. हे मी गमतीने सांगत नाही. शनिवार पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळात माझा फॉर्म तीन वर्षं पडून होता. शिक्षण चांगलं, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, पत्रिकेत दोष नाही आणि उंची पाच फूट अकरा. मंडळातल्या बाई वाचत वाचत त्या रकान्यापर्यंत यायच्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या, जणू ती उंची मी कुठेतरी परत करून येऊ शकत होते. "थोडी कमी लिहायची का?" असंही एकदा त्यांनी विचारलं. मग एक दिवस त्यांचा फोन आला. सहा फूट तीन इंचांचा मुलगा आला होता. बाकी त्याच्याबद्दल त्यांनी काही सांगितलंच नाही.

पहिल्या भेटीत हॉटेलात समोरासमोर बसलो आणि टेबलाखाली आमचे गुडघे एकमेकांवर आपटले. दोघंही एकदम "सॉरी" म्हणालो. मग त्याने विचारलं, "एसटीत कुठल्या सीटवर बसतेस?"

"दाराजवळच्या. आणि तू?"

"मी उभाच राहतो."

मी तिथेच ठरवून टाकलं. तोवरचं सगळं आयुष्य मी गुडघे मुडपून काढलं होतं. वर्गात शेवटचा बाक, ग्रुप फोटोत मागची रांग, स्वारगेटहून मावशीच्या गावाला जाताना पुढच्या सीटच्या पत्र्यात रुतलेले गुडघे. ह्याला ते काही समजावून सांगावं लागणार नव्हतं. माणूस म्हणून तो कसा आहे, हे बघायचं त्या नादात राहूनच गेलं.

बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही आधी पलंग केला, सुताराकडून सात फुटांचा. घरात तेवढं सुख झालं. घराबाहेर मात्र जग पाच फूट सहा इंचांच्या माणसांचंच होतं. शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी ही आयटीवाल्यांची नवी चैन होती, आणि तिचं काय करायचं हे आमच्या आई-वडिलांना माहीत नव्हतं, आम्हालाही फारसं नव्हतं. ऑफिसातले लोक धरणाच्या पाण्याकाठी जाऊन राहायला लागले होते. आम्हीही गेलो. लॉजवरच्या खाटांना पायाशी आडवी पट्टी असायची, म्हणजे पाय बाहेरही काढता येत नसत. मग एका मित्राचा तंबू आणला. त्यात तिरकं झोपलं तरी आमचे पाय कापडाला टेकत होते. पाऊस आला आणि टेकलेल्या जागेतून पाणी झिरपायला लागलं. सकाळी ओले मोजे पिळता पिळता तो म्हणाला, "बास झालं. आपण गाडीच घेऊ, आत झोपता येईल अशी."

आपण म्हणाला होता. मला पक्कं आठवतंय.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले. पडद्याची एक लाकडी काठी जास्तीची होती. त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवलं, पेन्सिलने खूण केली आणि बाल्कनीत बसून काठी त्या मापाची कापली. टेप असताना काठी कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आकड्यांवर माझा विश्वास नाही, काठी आडवी पडली की गाडी पास. माझी वेगळी काठी करावी असं मला सुचलंही नाही. तो जिथे मावेल तिथे मी मावेनच, असं मी धरून चालले होते. लांबीपुरतं ते बरोबरही होतं.

स्वारगेटच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचा एक दलाल बसायचा. पन्नाशीचा, कपाळाला गंध, आणि गिऱ्हाईक आल्याचं त्याला मनापासून दुःख होत असावं असा चेहरा.

"काय हवंय?"

"आत झोपता येईल अशी गाडी," मी म्हटलं.

"झोपायचं असेल तर पलंग घ्या. गाडी चालवायला असते."

पण त्याने आम्हा दोघांकडे खालून वरपर्यंत एकदा बघितलं आणि चाव्यांचा जुडगा घेऊन उठला. तेव्हापासून रविवार सकाळ म्हणजे ती शेड. मी काठी घेऊन पुढे, नवरा मागे. जीपमध्ये चाकांच्या वरचे उंचवटे पाठीत टोचायचे. एका मोटारीत पुढची सीट पूर्ण आडवी व्हायची, पण कमरेखाली खड्डा राहायचा. एक जुनी ॲम्ब्युलन्स होती. लांबीला अगदी झकास. आम्ही दोघं आत आडवे झालो. बाहेरून दलाल म्हणाला, "घाई करू नका. तिच्यात शेवटी जायचंच आहे." त्या दिवशी आम्ही हसून हसून घरी आलो.

श्रावणात ती पांढरी व्हॅन आली. आधी शाळेची मुलं वाहायची. मधल्या आणि मागच्या सीट काढल्या तर काठी आत सरळ पडत होती, वर वीतभर जागा उरत होती. मी आत जाऊन झोपले. तो माझ्या शेजारी झोपला. खांद्याला खांदा लागला, पण पाय? पाय सरळ होते. चारही. छतावर कुठल्यातरी पोराने खडूने काढलेला सूर्य होता. मला एकदम रडू आलं, कारण ती ॲम्ब्युलन्स सोडली तर घराबाहेर कुठेही मी अशी लांबच्या लांब पडले नव्हते, आणि शेजारी माझ्यासारखंच कुणी पडलेलं होतं.

"हीच," तो म्हणाला.

इंजिनाचं काम निघणार होतं. ऑफिसातल्या एका जाणकाराला दाखवू, मग ठरवू, असं तो म्हणाला. जाणकाराला वेळ होईना. तोवर तुलनेसाठी म्हणून आम्ही बाकीच्या गाड्या बघत राहिलो. गणपती झाले. त्यानंतर दलालाचं वागणं बदललं. ज्याने कधी पाणी विचारलं नव्हतं तो चहा मागवायला लागला. "बघा मॅडम, झोपून बघा, सावकाश," म्हणायला लागला. किंमत सांगायचं तर त्याने बंदच केलं. पांढरी व्हॅन शेडमध्ये दिसेना, तर इंजिन दाखवायला गॅरेजात गेलीये म्हणाला. मला वाटलं, आपली ओळख वाढली. मी त्याच्यासाठी दिवाळीत फराळाचा डबा न्यायचंही ठरवून टाकलं होतं.

दसऱ्याला सकाळी मी घरातल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. नवरा आपट्याची पानं आणतो म्हणून बाहेर पडला होता. तासाभराने खालून हॉर्न वाजला, ओळीने चार वेळा. गॅलरीतून बघितलं तर झेंडूची माळ घातलेली नवी कोरी गाडी, मागे लांब डिकीची, आणि तिच्या बाजूला हसत उभा असलेला माझा नवरा. व्हॅन नव्हती हे दिसलं, पण मी म्हटलं, असेल, त्याने काहीतरी जास्त चांगलं शोधलं असेल. ताट घेऊन धावत खाली गेले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सोसायटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळं मीच केलं, माझ्या हातांनी.

मग त्याने मागचं दार उघडलं.

डावीकडची मागची सीट काढून तिथे फळी बसवली होती, डिकीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत. वर फोमची गादी. उजवीकडे सामानाचं कपाट: स्टोव्ह, पाण्याचा कॅन, कॅमेऱ्याचा स्टँड, सगळ्याला आपापले खण. काम फार सुबक होतं. फळीची रुंदी दोन फूट.

"काठी आण ना," तो उत्साहाने म्हणाला. "बरोबर बसते. मी मोजलंय."

मी काठी आणली नाही. "आणि मी?" मी विचारलं.

त्याने गादीची कड नीट केली. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक नसावं असं मला तेव्हा वाटलं. "अगं, तुला कुठे एवढं आवडतं बाहेर राहायला? तुझे मोजे ओले झाले होते तेव्हा किती वैतागली होतीस. आणि मला कधीकधी एकट्याने जायचं असतं. डोकं शांत होतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुलाही लांब गाडी झालीच की. माहेरी जाताना मागे झोप."

लोक पेढे मागत होते. मी पेढे वाटले.

त्या आठवड्यात मी त्याला मनातल्या मनात बरंच माफ केलं, हे आता लिहिताना स्वतःचाच राग येतो. शोरूममध्ये गेला असेल, मोहात पडला असेल, घाईत केलं असेल. माणसाचं होतं असं. माझीही चूक होतीच. काठी त्याचीच कापली होती ना मी? दोन माणसं शेजारी शेजारी झोपणार आहेत हे काठीला सांगायला मीच विसरले होते.

पुढच्या रविवारी तो पहाटेच नवी गाडी घेऊन धरणाकडे गेला. मी काठी उचलली आणि रिक्षा केली. काठी रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. मी ठरवलं होतं, ती पांढरी व्हॅन मी घेणार, माझ्या नावावर. त्याला यायचं तर येईल.

दलालाने मला एकटीला बघितलं आणि खुर्चीतून उठला. तो कधी उठायचा नाही.

"ती पांढरी व्हॅन," मी म्हटलं. "मला हवी आहे."

"ती गेली, मॅडम."

"कधी?"

"गणपतीतच."

"पण त्यानंतर आम्ही पाच रविवार आलो. गॅरेजात आहे म्हणालात ना?"

तो परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "साहेबांनी फोन केला होता. व्हॅन सोडून द्या म्हणाले, नवीन गाडी बुक केलीये, दसऱ्याला मिळणारे. मी म्हटलं, मग आता कशाला येता? तर म्हणाले, मॅडमना हौस आहे. दाखवत राहा." त्याने घसा साफ केला. "मला वाटलं, तुम्हाला सरप्राइज असेल. दोघांसाठीचं."

मी तिथेच एका टेम्पोच्या पायरीवर बसले. आठवत होते ते पाच रविवार. मी गाड्यांमध्ये आडवी होत होते, ही बघ, इथे उशी मावेल, इथे कंदील टांगता येईल म्हणत होते. हे दोघं दाराशी चहाचे कप घेऊन उभे असायचे आणि मान डोलवायचे. एकदा तर नवऱ्याने माझ्याबरोबर पडद्यांचा रंगही ठरवला होता. निळा. गाडीचं मी सोडलं असतं. त्या मान डोलवण्याचं काय करू, ते मला अजून कळलेलं नाही.

"तुमच्याकडे करवत आहे?" मी विचारलं.

त्याने कारण विचारलं नाही. मी टेम्पोच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. त्याने माझ्या डोक्यावर पट्टी ठेवून काठीवर खूण केली आणि स्वतःच कापून दिली. चार इंचांचा तुकडा खाली पडला. तो मी पर्समध्ये टाकला. "आता ह्या मापाची काही आली तर फोन करा," मी म्हटलं. "आणि रुंदी दोन माणसांची."

"दोघांची?"

"कोण असेल ते माझं मी बघेन."

संध्याकाळी नवरा घरी आला. ताजातवाना, उन्हाने रापलेला, झोप चांगली झालेला. जेवणाच्या टेबलावर मी तो लाकडाचा तुकडा ठेवला होता, बाजूला कापलेली काठी. त्याने दोन्हीकडे बघितलं. हे काय आहे, काठी कशाला कापलीस, असं तो विचारेल आणि मग मी सांगेन, अशी माझी तयारी होती. मनात कुठेतरी अजून आशाही होती, की दलालच खोटं बोलला असेल.

त्याने गाडीची चावी खुंटीला अडकवली. पाठमोराच राहून त्याने विचारलं, "तो काय म्हणाला?"