धाकट्याचा निळा झगा

माझा भाऊ एकशे आठ किलोचा आहे, दारातून आत येताना मान वाकवतो, आणि तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात. आई गेली तेव्हा मी सतराची होते आणि तो सहा. तेव्हापासून त्याच्या शर्टाची बटणं, त्याचा अभ्यास, त्याची दुखणीखुपणी, सगळं माझ्याकडे आलं. वडील होते, पण असून नसल्यासारखे.

मी कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, घट्ट झालेले कोट उसवून सैल करणं. दुकान खाली, घर वर. धाकटा दिवसा फर्निचरच्या गोदामाची गाडी चालवतो आणि सकाळ-संध्याकाळ जिममध्ये बॉक्सिंग करतो, सगळ्यात वरच्या वजनाचं.

तीन वर्षं तो रांगेत पहिला होता. रांग कसली, तर किताबासाठी चॅम्पियनशी लढायची. पहिला नंबर लागला की चॅम्पियनला आज ना उद्या लढावंच लागतं. तोवर जपून राहायचं. मध्येच कुणा दांडगटाशी लढलो आणि हरलो, की रांगेच्या शेपटाला. म्हणून शंभर-शंभर किलोचे हे गडी, एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा, आणि एकमेकांना टाळतात कसे, तर गृहपाठ न केलेली पोरं बाईंची नजर टाळतात तसे! हे सगळं मला धाकट्याच्या मॅनेजरने समजावलं. काडीसारखा माणूस, काखेत फाइल आणि तोंडात एकच शब्द, थांबा.

सगळ्यात जास्त टाळला जायचा तो डावखुरा. त्याचा डावा हात कुठून येतो ते कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असायचा. नंबर मात्र नववा. त्याला हरवून पदरात काही पडायचं नाही आणि हरलं तर होतं नव्हतं ते जायचं. मग लढणार कोण?

धाकट्याचा रांगेत पहिला नंबर लागला त्याच आठवड्यात डावखुऱ्याकडून विचारणा आली. धाकटा नाचतच दुकानात आला. "ताई, मला हा हवाच होता. याला हरवलं ना, की कुणी म्हणायला नको, नशिबाने वर आला म्हणून."

मी शिवणयंत्र थांबवलं आणि त्याला फैलावर घेतलं. "डोकं फिरलंय का तुझं? तोंडाशी आलेला घास कुणी असा घालवतं? गप बस. तुझी वेळ येईल."

मॅनेजरचं त्याने ऐकलं नसतं. माझं ऐकलं.

त्याच महिन्यात मी त्याचा झगा शिवायला घेतला. रिंगमध्ये जाताना बॉक्सर अंगावर घालतात तो. ते त्याला रोब म्हणतात, मी झगाच म्हणते. गडद निळं साटीन, कडेला चंदेरी पट्टी. किताबाच्या लढतीला घालायचा, तोपर्यंत नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन इंच जास्तीचं कापड ठेवलं. म्हटलं, वेळ लागला आणि गडी अंगाने भरला, तर सोडता येईल.

वेळ लागला. आधी चॅम्पियनचा खांदा दुखावला. मग त्याने आधी हरवलेल्या जुन्याच गड्याशी पुन्हा लढत घेतली. मग कुणा तिसऱ्याशी. आमच्या पठ्ठ्याला मधूनमधून मॅनेजर कुणीतरी मऊसूत गडी आणून द्यायचा. एक तर ठोसा लागायच्या आधीच पडला, देवाशपथ! लोक हसले. धाकटा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

जपणूक तर विचारू नका. कपाट उचलायचं नाही, शिडीवर चढायचं नाही, भुवईला खरचटता कामा नये. गोदामातले हमाल सोफे उचलायचे आणि सगळ्यात धिप्पाड माणूस खिशात हात घालून बाजूला उभा. भावजय वैतागून म्हणाली, "ताई, नवरा आहे की काचेचं भांडं?" ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

झगा मी दोनदा उसवून सैल केला. तिसऱ्यांदा तो आला यंदाच्या सुरुवातीला. चॅम्पियनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, अजून आठ महिने थांबा असा निरोप होता. झगा पुढून एकावर एक येईना. मी टेप लावला. पोट तीन इंच वाढलेलं. ते ठीक, पोट उतरवता येतं. मग खांदे मोजले. पुन्हा मोजले. माझ्या वहीत त्याची तीन वर्षांची मापं आहेत. खांदे अर्ध्या इंचाने उतरले होते. कोचच्या आधी, मॅनेजरच्या आधी, ते मला कळलं. पस्तिशीचा उतरता खांदा मी रोज बघते, गिऱ्हाइकांच्या कोटांत.

"किती आलं?" त्याने विचारलं.

मी चार टाचण्या दातांत धरल्या आणि नुसती मान हलवली.

"ताई, खोटं बोलायचं असलं की तू टाचण्या तोंडात घालतेस."

मी शिवण उलटून बघितली. सोडायला कापडच उरलं नव्हतं.

"डावखुऱ्याचा माणूस परवा परत येऊन गेला," तो सहज म्हणाला. "नाही म्हटलं मी."

टाचण्या काढल्या. "का रे?"

"तू नको म्हणाली होतीस ना."

तीन वर्षं! तीन वर्षं हा बाबा माझा एक शब्द छातीशी धरून बसला होता, आणि मला वाटत होतं मॅनेजर त्याला थांबवतोय. मला तिथेच रडू फुटलं. "मी चुकले रे," मी म्हटलं. "मला भीती वाटत होती. तुझं नाव सांगून मी माझी भीती जपली. खांदे उतरलेत तुझे. जा, आजच हो म्हण."

त्याने माझ्याकडे पाहिलं ते सहा वर्षांचा असताना पाहायचा तसं. "आणि हरलो तर?"

"तर हरून ये. पण लढून ये."

मॅनेजरने दुकानात येऊन आकाशपाताळ एक केलं. मी त्याला म्हटलं, "साहेब, बसा, तुमच्या बाहीचं अस्तर फाटलंय." तो फाइल आपटून गेला.

धाकटा म्हणाला झगा हाच घालणार. त्या रंगाचं साटीन आता मिळेना, म्हणून दोन्ही कुशींना राखाडी तुकडे जोडले. जोड लांबूनही दिसत होता.

लढत रविवारी दुपारी होती, एका शाळेच्या व्यायामशाळेत. कुरकुरणाऱ्या खुर्च्या, अर्ध्या रिकाम्या. मी आजवर त्याची प्रत्येक लढत डोळे मिटून पाहिली होती. या वेळी उघडे ठेवले. तिसऱ्या फेरीत तो डावा हात आला आणि माझा धाकटा खाली. पंच मोजत आठपर्यंत येतो तोवर उठला. सातव्या फेरीत त्याने डावखुऱ्याला असा हाणला की तो दोरांवर लोंबकळला, आणि मी खुर्चीवर उभी राहून काय काय ओरडले ते भावजय अजून कुणाला सांगत नाही. दहा फेऱ्या झाल्या. गुणांवर हरला, अगदी थोडक्यात.

खोलीत गेले तर डॉक्टर त्याच्या भुवईला टाके घालत होते आणि तो हसत होता. तीन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं. डावखुरा. ओठ सुजलेला, हातांच्या पट्ट्या अजून सोडलेल्या नाहीत. जेमतेम पंचविशीचा.

"दादा," तो म्हणाला, "चार वर्षांत चौदा जण नाही म्हणाले. मला वाटायला लागलं होतं, सोडूनच द्यावं. तुम्ही आलात."

धाकटा उठला. खुंटीवरचा झगा काढला आणि त्याच्या खांद्यांवर टाकला. "रांगेत आता तू पहिला. किताबाला हा घाल."

ते पोर भांबावून उभं होतं. खांद्यात बरोबर बसला होता, कुशीला मात्र लोंबत होता. मी डोळे पुसले आणि पर्समधून टेप काढला. "हात वर कर," मी दरडावलं. "ते राखाडी तुकडे काढते. उद्या दुकानात ये, तुझ्या मापाचा करून देते."

मागून धाकटा म्हणाला, "ताई, शिवणीत जास्तीचं कापड ठेवू नकोस हं."

"नाही ठेवत," मी म्हटलं, आणि माप घेतलं.