बांधावरचा शेवटचा मैल

२७ मे १९६३. सकाळचे सहा वाजले होते. शहापूरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका आंब्याखाली गाडी उभी होती आणि मी सासूबाईंच्या खाटेचे पट्टे आवळत होते. हे काम रोज सकाळी माझ्याकडे असे. दोन पट्टे होते, एक छातीखाली, एक गुडघ्यांच्या वर. फार आवळले तर त्या ओरडत, ढिले राहिले तर प्रत्येक खड्ड्याला त्यांचं मोडलेलं खुब्याचं हाड हले. दहा दिवसांत मला नेमकी भोकं सापडली होती. वरच्या पट्ट्याचं चौथं, खालच्याचं तिसरं.

गाडी म्हणजे लष्कराने मोडीत काढलेली जुनी ॲम्ब्युलन्स. माझे यजमान चंबळेवरच्या एका धरणाच्या कामावर मेकॅनिक होते. तिथे त्यांनी ती दोन वर्षं खपून चालती केली होती. आत एक खाट मूळचीच होती, दुसरी फळीची त्यांनी बसवली. मागच्या दाराशी स्टोव्हसाठी पत्र्याचा कप्पा, छतावर पाण्याची टाकी, खिडक्यांना माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे. धरण संपलं आणि काम सुटलं. ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात यजमानांना बोलावणं आलं. माझं माहेर तुर्भ्याजवळचं, खाडीकाठचं. भावाने एक खोली मोकळी करून ठेवली होती. सासूबाईंना रेल्वेने, तीन ठिकाणी गाडी बदलत, उचलून नेणं शक्य नव्हतं. म्हणून रस्त्याने निघालो. इंदूर, नर्मदा, सेंधवा, धुळे, नाशिक, कसारा.

सासूबाई करंजाड्याकडच्या, शेतकरी घरातल्या. मुलाच्या सासुरवाडीला जाऊन राहायचं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "व्याह्याच्या दारात मला आडवी नेतंस," असं त्या मला दिवसातून एकदा तरी ऐकवत.

त्या सकाळी मी त्यांना नुसता चहा दिला. त्यांनी कप घेतला आणि वाट पाहत राहिल्या.

"भाकर?"

"आज चतुर्थी आहे, आई. उपास तुमचा."

"आज तीज हाय गो. चवथ उद्या."

"अमावास्येला आपण नर्मदेवर होतो. तिथून मी रोज मोजतेय. आज चौथा दिवस."

"मी पन मोजतंय. नाशकाची बाय सांगत व्हती, काल पन बीजच व्हती."

नाशिकला नळाजवळ गाडी थांबली होती तेव्हा एक बाई दारातून डोकावून त्यांच्याशी बोलत बसली होती, ते मी पाहिलं होतं. पण मी म्हणाले, "वाटेतल्या बाईचं काय ऐकता?" आणि भाकरीचं फडकं बांधून वर ठेवलं. नाशिकची बाई तिथी चुकेल का, हा विचार मला सुचायला हवा होता. सुचला नाही. त्यांनी नुसता चहा प्यायला. दहा दिवस त्यांचं खाणं, पिणं, धुणं-पुसणं माझ्या हातात होतं. माणूस असं दुसऱ्याच्या हातात असलं की वाद घालत नाही.

तिथीला एवढं महत्त्व कशाला, तर ते फक्त उपासापुरतं नव्हतं. आमच्या गावात जायला बांधावरून एकच वाट होती. मैलभर लांब, बैलगाडीपुरती रुंद. एका बाजूला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं. मोठ्या भरतीला मधल्या सखल भागावर पाणी चढे. खाडीकाठच्या मुलीला भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट तीन, दुपारी तीनला भरती पूर्ण. बांध बुडायला लागतो तो त्याआधी सव्वा तास. म्हणजे पावणेदोनच्या आत पार व्हायला हवं. यजमानांनी विचारलं तेव्हा मी त्यांना हा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "तुझ्या गावचा रस्ता, तुझंच चालू दे."

मला भीती वाटत होती ती गाडीची. शिरपूरपासून रिव्हर्स पडत नव्हता. मुक्काम करताना तोंड रस्त्याकडे राहील अशीच गाडी लावायची, नाहीतर सकाळी ढकलायला चार माणसं शोधायची. स्टार्टरही गेला होता, हँडल मारावं लागे आणि इंजिन तापलेलं असलं तर हँडलनेही अर्धा तास ते ऐकत नसे. अशी गाडी घेऊन कसाऱ्याचा घाट उतरलो होतो. त्या उतारावर मी सगळा वेळ दाराच्या कडीवर हात ठेवून होते. घाट संपल्यावर मला वाटलं, भ्यायचं होतं ते भिऊन झालं.

ठाण्याला दहा वाजले. कळव्याचा पूल ओलांडून मुरमाच्या रस्त्याला लागलो. उन्हाने रेडिएटर दोनदा उकळला, दोनदा थांबलो. बांधाच्या तोंडाशी आलो तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. मिठागरावर चिटपाखरू नव्हतं. मिठाच्या राशी झापांनी झाकलेल्या, फावडी नाहीत, पाट्या नाहीत. मी मनाशी म्हटलं, जेवायला गेले असतील. लहानपणापासून मी ती मिठागरं पाहत होते. भर उन्हात जेवायला कुणी गावात जात नाही, तिथेच सावलीला बसतात. तेही मला दिसलं आणि मी ते बाजूला सारलं. तीन-चार दिवसांचा हिशेब एकदा डोक्यात बसला की डोळ्यांना दिसतं तेसुद्धा खोटं वाटतं.

गाडी बांधावर चढली. पहिला पाव मैल कोरडा होता. मग डाव्या बाजूची तिवरं मला आखूड दिसायला लागली. झाडं तेवढीच होती, बुडत होती खालून. पाणी अगदी गप्प वर येत होतं. लाट नाही, फेस नाही. चिखलाच्या रंगाचं पाणी, बांधाच्या कडेला एका जागी जीभ काढावी तसं आत आलेलं.

"अहो, थांबू नका."

"का?"

"पाणी येतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू पावणेदोन म्हणालीस."

"म्हणाले होते."

मागे जायचा प्रश्नच नव्हता. रिव्हर्स नाही, वळायला जागा नाही. थांबून राहायचं तर पाणी अजून तासभर चढणार होतं आणि आम्ही सगळ्यांत खालच्या जागेच्या तोंडाशी होतो. पुढे उघाडी होती. उघाडी म्हणजे पावसाळ्यात शेतातलं पाणी खाडीत सोडायची लाकडी दारं. तिथे बांध दोन्हीकडून खचतो. उजवीकडे तिथे कुंड आहे, दोन पुरुष खोल. माझ्या लहानपणी त्यात एक म्हैस गेली होती.

उघाडीपाशी रस्ता दिसेनासा झाला. यजमानांनी इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली. पुढे जवळजवळ शंभर हात नुसतं पाणी, पलीकडे पुन्हा बांध. बसल्या जागेवरून यजमानांना कडा दिसणं शक्य नव्हतं. कुणीतरी पुढे चालायला हवं होतं. बांध मला पाठ होता.

मी मच्छरदाणीची एक काठी उपसली. उतरायच्या आधी मागे गेले. सासूबाई मान उचलून खिडकीतून पाहत होत्या.

"पानी हाय."

"थोडंच आहे."

"पट्टे सोड."

मी थांबले. पट्टे सोडले तर पहिल्याच हिसक्याला त्या खाटेवरून पडतील आणि जुळत आलेलं हाड पुन्हा सुटेल. नाही सोडले आणि गाडी कुंडात गेली, तर चौथ्या आणि तिसऱ्या भोकात मी स्वतः आवळलेल्या पट्ट्यांत त्या अडकून राहतील.  

"हाड हलेल, आई."

"हलू दे. बांधलेली नको."

मी दोन्ही पट्टे सोडले. छताच्या कडीला लुगडं बांधून त्याचं टोक त्यांच्या हातात दिलं, मागचं दार उघडं टाकलं आणि खाली उतरले. यजमान म्हणाले, "पहिल्या गिअरमध्ये येतो. एकदा निघालो की पाय उचलणार नाही. सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं तर बंद पडेल, पुन्हा चालू होणार नाही."

"माझ्या पाठीकडे बघा. पाण्याकडे बघू नका."

पाणी घोट्यावर होतं, मग पिंढऱ्यांवर आलं. उजव्या हाताने मी काठी कडेला रोवत चालले. टणक लागली की पुढे. मागे इंजिन ओरडत होतं, त्याचा गरम वारा मानेवर येत होता. एवढी जड गाडी माझ्या चालीने चालत होती. मी थांबले तर त्यांना थांबावं लागणार होतं, म्हणून थांबायचं नव्हतं. घसरले तर त्यांना ब्रेक दाबावा लागला असता आणि ब्रेक दाबला की सगळं तिथेच राहिलं असतं. मी घसरायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. देवाचं नाव घेतलं का, असं नंतर अनेकांनी विचारलं. नाही घेतलं. पावलं मोजत होते.

उघाडीवर पाणी गुडघ्याला लागलं आणि ओढ लागायला लागली. खाडीतून आलेलं पाणी बांधावरून मिठागराकडे पडत होतं, पायाखालची माती सुटताना कळत होती. सत्तेचाळीसाव्या पावलाला काठी टेकवली आणि ती टेकलीच नाही. मुठीपर्यंत आत गेली. मी शेवटची इथे आले होते त्याला सहा वर्षं झाली होती, तेवढ्यात कड दोन हात आत आली होती. मला पाठ असलेला बांध राहिला नव्हता, आणि तोपर्यंत मी गाडीला त्या जुन्या बांधावरून आणत होते.

मी डावा हात आडवा काढला आणि स्वतः डावीकडे सरकले. ओरडले नाही, ओरडलेलं त्यांना ऐकू गेलं नसतं. मागे इंजिनाचा आवाज बदलला. मी वळून पाहिलं. पाहायला नको होतं. पुढचं चाक डावीकडे वळलं होतं, पण मागचं उजवं चाक खाली चाललं होतं आणि गाडी कुंडाकडे कलत होती. आत पत्र्याची पेटी घसरून दणकन आदळली. भांडी पडली. मी सासूबाईंच्या ओरडण्याची वाट पाहत होते. त्या ओरडल्या नाहीत. त्या न ओरडण्याने मला जेवढं भेवडावलं तेवढं पाण्याने भेवडावलं नव्हतं.

इंजिन खोकलं. एकदा, मग पुन्हा. यजमानांचा पाय तसाच दाबलेला राहिला असावा, कारण चाकाने कशाला तरी धरलं, दगडाला असेल, उघाडीच्या ओंडक्याला असेल, आणि गाडी धक्का देत सरळ झाली. मी पुन्हा पुढे तोंड केलं आणि चालायला लागले. छप्पन्न, सत्तावन्न. पाणी पिंढऱ्यांवर आलं. मग घोट्यावर. मग ओली माती.

गाव बांधाच्या टोकाला जमलं होतं. गाडी तिथे थांबली आणि आपसूक बंद पडली. मी आधी मागच्या दाराशी गेले. सासूबाई खाटेच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून होत्या, लुगड्याचं टोक दातांत. म्हणून ओरडल्या नव्हत्या. ते सोडवून घ्यायला मला त्यांची हनुवटी धरावी लागली. डोळे उघडे होते. पाय जागेवर होता.

"पोचलो का?" त्यांनी विचारलं.

माझी वहिनी गर्दीतून पुढे आली. "तिजेच्या भरतीला गाडी कोन आनतं गो? यडी का तू?"

"आज चतुर्थी ना?"

"तीज. दोन बीजा झाल्या या पंदरवड्यात. मीठवाले बारालाच उठून गेले."

म्हणजे तीनची पाऊणपट, सव्वादोन. पाऊण तास. एवढाच फरक होता. तिथी कधी कधी दोन दिवस रेंगाळते हे पोर असल्यापासून मला माहीत होतं. पंचांगात पाहायचं असतं ते मी बोटांवर मोजलं होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "मंग माजा उपास नव्हता."

"नव्हता."

"मंग जेवाया वाड."

त्यांनी वहिनीकडे दोन भाकरी आणि सुके बोंबील खाल्ले, आडव्याच, व्याह्याच्या दारात.  यजमान गाडीतून बऱ्याच वेळाने उतरले. त्यांची बोटं स्टिअरिंगच्या चाकावरून सुटत नव्हती, ती एकेक करून उघडावी लागली. ते म्हणाले, "काठी कुठे गेली तुझी?" माझ्या हातातच होती. मी ती खाली ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा कळलं, मलाही मूठ उघडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या भिंतीवरचं पंचांग पाहिलं. चतुर्थी, नऊला ओहोटी. साडेआठला मी बांधावर गेले. रात्रीची भरती येऊन गेली होती, तरी उघाडीपाशी ओल्या मातीत मागच्या उजव्या चाकाची खूण राहिली होती. सहा हात लांबीत ती खूण अर्धीच होती. उरलेलं अर्धं चाक तेवढा वेळ कुंडावर होतं. तिथे मी फार वेळ उभी राहिले नाही. परत जाऊन भावाच्या मांडवाच्या बांबूंचे वीस तुकडे पाडले, टोकं तासली, डोक्यावर घेऊन आले. दहा-दहा पावलांवर, दोन्ही कडांना, कड जिथे आहे तिथून हातभर आत, दगडाने ठोकत गेले. अकरा वाजेपर्यंत सगळे ठोकून झाले.