पाहुण्यापुढची माती

किन्हीराजा गावचा इंद्रभान इंगोले माझा वर्गमित्र. तो शेती करत राहिला आणि मी मास्तर झालो, म्हणून जगातला कोणताही कागद मला कळतो, अशी त्याची समजूत. मला तसं काही कळत नाही, पण नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

सोयाबीन निघाल्यावर एका सकाळी तो माती परीक्षणाचा कागद घेऊन दारात उभा राहिला.

"मास्तर, हा कागद खोटं बोलून राह्यला का माहं वावर?"

कागद उन्हाळ्यात आलेला. जमीन उत्तम, सेंद्रिय कर्ब भरपूर, खत बेताचंच द्या, असं त्यावर छापलेलं. इंद्रभाननं कागदाचं ऐकून खत निम्मं केलं. सोयाबीन गुडघ्यालाही लागलं नाही, पिवळं पडलं. दोन एकरांत पाच पोती. बारा वर्षं तो तिथं सोयाबीनच पेरतो आणि दरसाल उतारा घसरतो. मी कागद उलटा केला, सुलटा केला. सही होती, शिक्का होता. मला काही उमजेना, आणि उमजलं नाही की मला राग येतो.

"चाल वावरात," मी म्हटलं.

वाटेत त्यानं बेत सांगितला. जमीन एवढी चांगली आहे, तर विहिरीजवळचा तुकडा तरी असा वाया कशाला दवडायचा? उद्या गावातल्या सेवालालचा ट्रॅक्टर हरभऱ्यासाठी रान तयार करायला येणार, त्यातच तोही नांगरून टाकू.

तो चार गुंठ्यांचा तुकडा त्याच्या बायकोचा, अंजनाचा. ज्वारी उभी होती, तिच्या अंगाखांद्यावर बरबटी, म्हणजे चवळी, चढलेली, मधून अंबाडी. अंजना पदराच्या ओच्यात शेंगा तोडून घेत होती. उद्याचं तिला कळलेलं होतं. डोळे पुसायला तिनं तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं.

"परीक्षणाले माती कुठची नेली होती रे?" मी इंद्रभानला विचारलं.

त्यानं त्याच तुकड्याकडे बोट दाखवलं.

"आठ-दहा जागची घे म्हणून सांगतलं होतं ना?"

"सांगतलं होतं. पण साहेब लोकाईपुढं खराब माती न्याची का? पाह्यणा आला तं फाटकी सतरंजी टाकते का कोणी?" वर त्यानं ती चाळून, खडे वेचून नेली होती!

मी हसायला लागलो. तो मात्र हसला नाही. कागदाकडे, तुकड्याकडे, मग आपल्या उघड्या वावराकडे बघत राहिला.

"अंजना, इथं काय केलं तू?"

"मले काय मालूम? राख टाकली, बकऱ्याइच्या लेंड्या टाकल्या. यंदा बरबटी, त्या जागी पुढच्या साली दुसरं काई. माही माय करे तसं."

"मंग मोठ्या वावरात काहून नाई केलं?"

"मोठ्या वावराचं तुमी मले कवा इचारलं?"

 इंद्रभाननं सेवालालला फोन लावला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं.

"मंग कवा येऊ? काय पेरतं?" फोनमधून सेवालालचा आवाज मलाही ऐकू आला.

इंद्रभाननं फोन छातीशी धरला. लग्नाला तीस वर्षं झाली असतील त्यांच्या.

"अंजना," तो म्हणाला, "काय सांगू त्याले?"