आबांच्या कॅप्सूल

शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून आबा समोरच्याच्या तळहातावर एक गोळी टेकवायचे. "खा की. काय मरतोयस व्हय?" डोकं दुखू दे, गुडघे दुखू देत, त्यांच्याकडे काही ना काही असायचंच. मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान, आणि निम्मं गिऱ्हाईक हा माणूस फुकटात पळवायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. माझ्या नशिबी तो अगदी शेजारी आला होता.

साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांची पाठ धरली ती सुटेचना. तपासण्यांत हाडाच्या मगजातला कॅन्सर निघाला, मल्टिपल मायलोमा. डॉक्टरांनी थॅलिडोमाइडच्या कॅप्सूल सुरू केल्या. हे औषध रोगट पेशींना आवरतं आणि अंगातल्या राखणदार पेशींनाही कामाला लावतं, असं त्यांनी समजावलं. पाच महिन्यांत आबा काठीशिवाय चालायला लागले. फस्क्लास औषध हाय, असं गल्लीभर सांगत सुटले आणि माझं धाबं दणाणलं.

कारण त्याच आठवड्यात त्यांची लेक हातकणंगल्याहून माहेरी आली होती. दुसरा महिना. आधी दोनदा पोट पडलेलं, म्हणून अंथरुणातून हलू नको असं सांगितलेलं. तिला झोप नव्हती, पोटात अन्न ठरत नव्हतं. आणि याच औषधाने पूर्वी परदेशात हातपाय नसलेली मुलं जन्मली होती. त्या बायांनीही ते झोपेसाठी, उलट्या थांबाव्यात म्हणूनच घेतलं होतं.

मी आबांना दुकानात आत घेतलं आणि झापझाप झापलं. एक कॅप्सूल तिच्या पोटात गेली तर पोराला हात राहणार नाहीत, म्हणालो. तिला पूडसुद्धा लागता कामा नये. आबा शर्टाचा खिसा हाताने दाबून धरून तसेच घरी गेले. चांगला धाक बसला म्हणून मला बरंच वाटलं.

त्यानंतर दर महिन्याला येऊन गुमान पाकीट नेत. चारेक महिन्यांनी हातात पुन्हा काठी दिसली. मग पायरी चढताना दाराची चौकट धरू लागले. रिपोर्ट वाईट आला, आणि डॉक्टरांनी डोस वाढवलेली चिठ्ठी घेऊन ते माझ्यापुढे उभे राहिले. इतकं छान लागू पडलेलं औषध असं कसं फिरलं? ते माझ्याकडे बघेनात. मी खनपटीलाच बसलो, तेव्हा कुठे बोलले.

"खाल्ल्याच न्हाईत. उद्यमनगरात दोस्ताची फौंड्री हाय. भट्टीत टाकत आलोय."

सगळ्या? सगळ्या. घरात ठेवायची भीती, खाऊन तिच्या ताटाला बोट लागायची भीती. "माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाय," म्हणाले.

माझ्याकडे ठेवायच्या होत्या, रोज इथं येऊन खायच्या, असं मी ओरडलो. ओरडलो खरा, पण इतके महिने एवढी साधी गोष्ट मला तरी कुठं सुचली होती? धाक घातला आणि हात झटकून मोकळा झालो. याची लाज मला आजही वाटते.

"लेकीला सांगायचं न्हाय. शपथ हाय तुला," एवढंच आबा म्हणाले.

डॉक्टरांना मात्र मी त्याच दिवशी सांगितलं. रोज दुकानात बसवून, समोर पाणी देऊन कॅप्सूल खायला लावू लागलो. रोग आता ऐकत नव्हता. नात झाली. बारशाला आबा पलंगावरच होते, आणि पुढच्या आठवड्यात गेले. आता या रोगाच्या पेशी नेमक्या हेरून मारणारी औषधं निघाली आहेत. त्यांची माहितीपत्रकं येतात, आणि मला स्वतःचाच राग येतो.

आबा गेल्यावर तीनेक महिन्यांनी लेक पोरीला घेऊन दुकानात आली. मी पोरीच्या सर्दीचं औषध काढून देत होतो, तेवढ्यात तिने माझं बोट मुठीत धरलं. लेक जरा घुटमळली, मग म्हणाली, "काका, आमच्या आबास्नी त्या गोळ्या लागूच पडल्या न्हाईत, व्हय?"

पोरीची मूठ चांगली घट्ट होती.

"न्हाय गं बाई," मी म्हणालो. "न्हाईच लागू पडल्या."